आवर्तनाची नदी आणि पिसाची माशी

नदीकाठ : वाचकांचे प्रश्न

पाटबंधारे खात्यात ३१ वर्षं काढली, त्यातली बरीचशी नाशिकजवळच्या दारणा नदीवर. पावसाळ्यात रोज सकाळी आठला पट्टीवरची पातळी वाचायची, वहीत लिहायची, वर कळवायची, हे माझं काम. गळ लहानपणापासून हातात होता. फ्लाय रॉड, म्हणजे पिसांची खोटी माशी टाकून मासा पकडायची काठी, मात्र पन्नाशीत आला, हिमाचलातल्या बरोटला, थंड पाण्यातल्या ट्राउट माशासाठी. मागच्या अंकात त्याबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग आला. त्यातले सहा प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : अमेरिकेत धरणांखाली ट्राउट पकडतानाचे व्हिडिओ मी नेहमी बघतो. वाळवंटातल्या नदीतही धरणाखाली ट्राउट असतात. मग आपल्या गंगापूर धरणाखाली, सोमेश्वरच्या बाजूला, ट्राउट का सोडत नाहीत? नाशिकला थंडी तर चांगली पडते. (इंजिनिअर, गंगापूर रोड)

तुम्ही पाहिलेलं खरं आहे. कोलोरॅडो नदीवर ग्लेन कॅन्यन धरण झालं, १९६३ मध्ये पाणी अडवायला सुरुवात झाली, आणि त्याखालच्या तापलेल्या खडकांच्या घळईत ट्राउट राहू लागले. पण ते धरण २१६ मीटर उंच आहे आणि त्याचं पाणी खोलातून सुटतं. पाणी सगळ्यात जड असतं ते चार अंश सेल्सिअसला. तिकडे हिवाळ्यात वरचं पाणी गारठतं, जड होऊन तळाशी बसतं आणि उन्हाळाभर तिथेच राहतं. वर ऊन कितीही तापो, तळाला साठवलेला हिवाळा असतो. धरणाच्या दारातून तोच बाहेर येतो आणि त्यावर ट्राउट जगतो.

आपल्याकडे साठवायला तेवढा हिवाळाच नसतो. निफाडचा पारा चार-पाच अंशांवर आला की वर्तमानपत्रात बातमी येते, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. पण ती हवेची थंडी, तीही पहाटेच्या काही तासांची. पाणी इतक्या लवकर गार होत नाही. दोरीला थर्मामीटर बांधून मी किती तरी जानेवारींत दारणेचं पाणी मोजलं, पारा अठराच्या खाली क्वचितच गेला. मे महिन्यात दुपारी तो तिशीला टेकतो. गंगापूरचं धरण मातीचं, उंची ३६ मीटरच्या आसपास, साठा साडेपाच टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) थोडा वर, आणि उन्हाळ्यापर्यंत त्यातलंही बरंच पाणी शहराने आणि शेतीने उचललेलं असतं. थोडक्या पाण्यात वाऱ्याने वरचं-खालचं एक होतं. जिथे तसं एक होत नाही, तिथे तळाच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. उन्हाळ्यात तळाच्या दारातून येणाऱ्या पाण्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तो मी नोकरीत पुष्कळ वेळा घेतला आहे.

ट्राउटला दहा ते सोळा अंशांचं पाणी मानवतं. वीसच्या वर तो खाणं टाकतो, पंचविशीत तग धरणं कठीण. कारण प्राणवायूचं. समुद्रसपाटीला दहा अंशांच्या पाण्यात लिटरमागे अकरा मिलिग्रॅमच्या थोडा वर प्राणवायू मावतो, तीस अंशांच्या पाण्यात साडेसातच्या आसपास. आपला कटला, आपली मरळ एवढ्यात सुखाने राहतात. ट्राउट गुदमरतो.

आणि समजा जगला असता, तरी मी सोडू नका असंच म्हणालो असतो. जगातल्या सर्वांत उपद्रवी ठरलेल्या शंभर परक्या जीवांची एक यादी आहे. तिच्यात ब्राउन ट्राउट आहे, रेनबो ट्राउटही आहे. त्याच यादीत आपल्या ओळखीचा आणखी एक मासा आहे : चिलापी (टिलापिया). १९५२ मध्ये ती भारतात आणली. मादी अंडी तोंडात सांभाळते, पिल्लंही धोका दिसला की तोंडात घेते. म्हणून तिची बहुतेक पिल्लं वाचतात आणि बाकीच्यांची नाही. आज कुठल्याही धरणाच्या काठी जाळं झाडताना बघा, निम्मी टोपली तिचीच असते. ग्लेन कॅन्यनच्या खालीही हेच झालं. थंड पाण्याने ट्राउटला घर दिलं, पण त्या नदीचे मूळचे, कोमट गढूळ पाण्यात वाढलेले मासे हटत गेले. धरणाने गोदावरीचं पुष्कळ बदललं आहे. निदान तिच्यातले मासे तरी आपण आणखी बदलू नयेत.

प्रश्न : माझी जमीन दारणेच्या काठी, पळसे भागात आहे. तुमचं वाचून मुलाने फ्लाय रॉड मागवला. आमच्या नदीत त्यावर काय लागेल, आणि वर्षभरात कधी? (शेतकरी)

भाऊ, तुमच्या नदीवर माझा जीव आहे, म्हणून उत्तर लांबणार.

आधी एक गोष्ट मुलाला नीट समजावा. कुलंगच्या डोंगरातून उतरणारी दारणा १९१६ पासून तशी राहिलेली नाही. त्या साली धरण पूर्ण झालं. तेव्हापासून धरणाचं पाणी नदीच्याच पात्रातून खाली नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यापर्यंत जातं आणि तिथून गोदावरीच्या दोन्ही कालव्यांनी निफाड, येवला, कोपरगाव, राहात्याकडे. म्हणजे पावसाळा सोडला तर तुमच्या शेताखालची नदी ही एका परीने कालवाच. आवर्तन, म्हणजे शेतीसाठी ठरावीक दिवस सोडलेलं धरणाचं पाणी, सुटलं की ती दोन्ही थडी भरून वाहते, बंद झालं की डोह डोह उरते. तुमच्या मुलाला कॅलेंडरपेक्षा आवर्तनाची तारीख जास्त उपयोगी पडेल.

जूनच्या पहिल्या सरींनंतर संध्याकाळी वाळवीला पंख फुटतात. दिव्याभोवती ढीग पडतो तोच किडा नदीवरही पडतो. तेव्हा पाणी अजून चढलेलं नसतं, आणि संथ डोहावर मासा वर येऊन टिपतो ते कानाला ऐकू येतं. पाण्यावर तरंगणाऱ्या माशीचे हे चार-सहा दिवस. त्यानंतर पाणी लाल होतं, विसर्ग सुरू होतो, आणि सप्टेंबर संपेपर्यंत रॉड कापडात गुंडाळून ठेवायचा. कारण पुढच्या एका उत्तरात येईलच.

ऑक्टोबर. मला वर्षातला एकच महिना मागायला सांगितला तर मी हा मागेन. पाणी निवळतं, पण आटलेलं नसतं. दगडांवरचं शेवाळ ताजं असतं, पाण्यातल्या किड्यांना भर आलेला असतो. उथळ धारेतला एखादा दगड उलटा करून दाखवा मुलाला : खाली वाळूच्या कणांची, काडीकचऱ्याची बोटाच्या पेराएवढी नळी चिकटलेली दिसेल. आत कॅडिस नावाच्या पाणकिड्याची अळी असते. तिने ते घर स्वतःच्या रेशमाने विणलेलं असतं. शेजारी तीन शेपट्यांचा चपटा किडा सरकताना दिसेल, ती मेफ्लायची पिल्लावस्था. बरोटला ट्राउट ज्यावर जगतो, त्याच घराण्यातले किडे तुमच्या बांधाखाली आहेत. हे पहिल्यांदा दिसलं त्या दिवशी मी रॉड बाजूला ठेवून तासभर नुसते दगडच उलटत बसलो होतो. (दगड जसा होता तसाच परत ठेवायचा, ओली बाजू खाली.)

यावर लागतात ते लहान चंदेरी खवल्यांचे मासे, ज्यांना दर दहा मैलांवर वेगळं नाव आहे, आणि चिलापी. नऊ फुटी, पाच नंबरच्या वजनाचा रॉड पुरे. माशी पाण्याखाली बुडणारी, दगडाखालच्या किड्यासारखी. धारेच्या वरच्या अंगाला टाकायची आणि प्रवाहाबरोबर मोकळी वाहू द्यायची. दोर ताणला गेला की माशी पाण्यात ओढल्यासारखी जाते आणि मासा तिच्याकडे बघतही नाही. साध्या गळाला शिशाचं वजन असतं, म्हणून तो फेकता येतो. इथे वजन दोरात असतं आणि माशीला काहीच वजन नसतं. म्हणून मुलाला पहिले पंधरा दिवस पाण्यावर नेऊच नका. शेतात, गळ न लावता, नुसता लोकरीचा तुकडा बांधून दोर मागे पूर्ण उलगडू द्यायला शिकू दे. घाई सगळी मागच्या फेकीत होते.

हिवाळ्यात रब्बीचं आवर्तन असतं. पाणी वाढतं त्या पहिल्या दिवशी मासा बिथरलेला असतो, हाती काही लागत नाही. विसर्ग स्थिर झाला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो नवी जागा धरतो : मोठ्या दगडाच्या मागे, बंधाऱ्याच्या खालच्या फेसाच्या कडेला, जिथे जोरकस आणि संथ पाण्याची शीव असते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याखाली पाणी फळ्यांच्या फटींतून झिरपतं तिथे प्राणवायू चांगला मिसळतो. ती जागा हिवाळ्यात कधी रिकामी नसते. वेळ सकाळी दहानंतरची. पहाटे उठून कुडकुडण्यात अर्थ नाही, मासाही तेव्हा गारठलेला असतो.

काठाला उंबर असेल तर मात्र दुसरं काहीच शोधू नका. पिकलं उंबर पाण्यात पडल्याचा ‘डुबुक’ आवाज मासे ओळखतात. उंबराएवढी, तांबूस लोकरीची गोल माशी तशाच आवाजाने त्या झाडाखाली पडली पाहिजे. हलकी टाकली तर घेत नाहीत. मोठ्या डोहातला जुना मासा फ्लायवर मिळण्याची आपल्याकडची खरी संधी मला हीच वाटते.

मरळीसाठी बेडकासारखी माशी वापरतात. पण पाण्यावर तांबड्या पिल्लांचा पुंजका वळवळताना दिसला तर खाली आईबाप राखण करत असतात. मरळीला हवा घ्यायला वर यावंच लागतं, त्यामुळे तेव्हा ती मारणं अगदी सोपं असतं. ती मारली की तो अख्खा पुंजका दुसऱ्यांच्या तोंडी जातो. तिथून निघून जायचं.

एप्रिल-मे मध्ये आवर्तन बंद असताना डोहातल्या माशाला त्रास देऊ नका. पाणी तापलेलं, प्राणवायू थोडा. पकडून सोडलेला मासाही मागाहून मरतो. आवर्तन चालू असेल तर पहाटेचे दोन तास ठीक. नाहीतर हे दिवस माशा बांधायचे.

आणि परवानगी. धरणांतल्या मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. ते पदरचे पैसे घालून मत्स्यबीज सोडतात. त्यांना विचारल्याशिवाय धरणाच्या पाण्यात दोर टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या मळ्यात शिरणं. तुम्ही शेतकरी आहात, तुम्हाला हे जास्त कळेल. नांदूरमध्यमेश्वर तर पक्ष्यांचं अभयारण्य आहे, राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे दुर्बीण न्यावी.

प्रश्न : माझा नातू मित्रांबरोबर धरणाखाली नदीत उतरून मासे पकडायला जातो. ‘आजी, पाणी गुडघाभरच असतं’ म्हणतो. मला रात्री झोप लागत नाही. काय सांगू त्याला? (आजी, देवळाली कॅम्प)

आजी, त्याला हे उत्तर वाचून दाखवा.

पाणी गुडघाभर आहे हे तो आत्ताचं सांगतो. धरणाखालच्या नदीत आत्ताच्या पाण्यावरून पुढच्या अर्ध्या तासाचं काही कळत नाही. डोक्यावर निरभ्र आकाश असतं आणि वर इगतपुरीला रात्रभर कोसळलेलं असतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सव्वाअठ्ठावीस लिटर. विसर्ग हजार क्युसेकने वाढवला, असं आम्ही कागदावर एका ओळीत लिहायचो. ती ओळ म्हणजे सेकंदाला अठ्ठावीस हजार लिटर जास्तीचं पाणी. नाशिककर पुराचं माप दुतोंड्या मारुतीवर घेतात : पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. गोदाघाटावर हजारो लोक ते बघत असतात. तुमच्या नातवाकडे बघायला तिथे कुणी नसतं.

मी स्वतः यातून गेलो आहे. चौतीस-पस्तिशीचा होतो, एका बंधाऱ्याखाली मधल्या कातळावर बसलो होतो. वरच्या बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढायला घेतल्याचं मला माहीत नव्हतं. आधी आवाज बदलला. खळखळ होती ती भरदार झाली. मग सुकी पानं आणि काटक्या वाहत आल्या. मी मात्र दोर गुंडाळत बसलो, कारण त्याला नुकताच मासा लागला होता. काठापर्यंतचं अंतर वीस पावलांचं. निघालो तेव्हा पाणी पोटरीला होतं, मधे पोचलो तेव्हा कमरेला. काठी सोडून दिली आणि करंजाच्या मुळीला धरून वर आलो. त्या दिवशी घरी जाऊन बायकोला काही सांगितलं नाही. सांगितलं ते सहा महिन्यांनी.

तेव्हापासून मी एक करतो. पाण्यात उतरण्याआधी काठाला, पाण्याच्या अगदी रेषेवर, एक काडी रोवतो. दर पाच मिनिटांनी तिच्याकडे बघायचं. काडी भिजली की निघायचं. दोन बोटं भिजली का चार, हे मोजत बसायचं नाही. मासा लागलेला असेल तर दोर कापायचा. निघायचं ते आलो त्याच काठाकडे. पाणी अचानक गढूळ झालं, तरंगता कचरा आला, आवाज भरला, भोंगा वाजला, यातलं एक जरी झालं तरी काडीचीही वाट बघायची नाही. मधल्या कातळावर तर पावसाळ्यात आणि आवर्तनाच्या दिवसांत बसायचंच नाही. विसर्गाच्या सूचना स्थानिक बातम्यांत येतात, गावात दवंडी देतात. निघण्याआधी धरणावर ओळखीच्या माणसाला फोन करून ‘आज पाणी सोडणार का?’ असं विचारलं तर कुणी रागावत नाही. मला असे फोन यायचे आणि मला बरं वाटायचं.

दारणाकाठी ऊस आहे, उसात बिबट्या आहे. पहाटे आणि तिन्हीसांजेला एकट्याने जायचं नाही, काठाला वाकून बसायचं नाही, बरोबर कुणीतरी उभं असावं. हेही त्याला सांगा.

प्रश्न : सर, मी कॉलेजला आहे. ऑनलाइन एक माशी दीडशे-दोनशे रुपयांना दिसते. घरी करता येते का? (विद्यार्थी, सिन्नर)

करता येते, आणि तूच कर. परदेशातले लोक पिढ्यान् पिढ्या आपल्याकडच्या कोंबड्यांची मानेची पिसं मागवून माशा बांधत आले आहेत. तुझ्या गावात ती उकिरड्यावर जातात. गावठी कोंबडा कापणाऱ्याकडून तांबूस-तपकिरी मानेची पिसं माग, साबणाच्या पाण्यात धू, सावलीत वाळव.

दगडाखालच्या किड्यासारखी माशी अशी. बारा नंबरचा गळ. त्याचा उलटा काटा चिमट्याने दाबून सपाट करून टाक, म्हणजे माशाचं तोंड फाटत नाही आणि तुझ्या बोटात घुसला तरी निघतो. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात तांब्याच्या बारीक तारेचे तुकडे पडलेले असतात, ते घे. शेपटीला पिसाचे तीन तंतू बांध. मोरपिसाच्या काडीवरचा एक केसाळ तंतू गळावर वेढत पुढे आण, त्यावरून उलट्या दिशेने तांब्याची तार विरळ वेढ. तार वजनही देते आणि किड्याच्या अंगावरच्या वळ्यांसारखी दिसते. डोक्याशी दोरा घट्ट कर, नेलपॉलिशचा थेंब दे. झाली. पहिल्या दहा वाईट होतील. मासे वाईट माशाही घेतात. मोरपीस आपोआप गळालेलंच घे. तसं पीस देशात वापरायला कायद्याची आडकाठी नाही, मोराला हात लावायला आहे.

गळ घट्ट धरायला छोटा वाइस लागतो. हाताने फिरवायच्या ड्रिलचा चक टेबलाला आवळलास तरी चालेल. मी सुरुवातीला तेच केलं.

प्रश्न : आमच्याकडे पहिल्या पुरात चढणीचे मासे पकडणं ही पिढ्यांची रीत आहे. शहरातले लोक आता ते पाप असल्यासारखं बोलतात. तुमचं मत काय? (शिक्षक, त्र्यंबकेश्वर तालुका)

गुरुजी, मीही चढणीचे मासे खाऊन वाढलो. पहिल्या पावसाची रात्र, कंदील, ओढ्याला लावलेली कामटीची खोय (बांबूचा सापळा), आणि सकाळी घरभर तव्यावरचा वास. ज्या घरात महिना महिना दुसरं कालवण नसायचं, त्या घराला मी पाप म्हणणार नाही.

पण मासा चढतो ते अंडी घालायला. डोहातून ओढ्यात, ओढ्यातून भातखाचरात, जिथे पाणी उथळ, कोवळं आणि पिल्लांना खायला भरपूर. पोटात गाबोळी असते म्हणून तर त्याची चव तशी. पूर्वी नदी मोकळी होती. दहा पकडले तरी शंभर वर जायचे. आता गंगापूरच्याही वर काश्यपी आणि गौतमी गोदावरी ही दोन धरणं आहेत. चढणाऱ्या माशाला भिंत आडवी येते. ती भिंत बांधणाऱ्या खात्याचा मी माणूस आहे, माशांसाठी पायऱ्या ठेवलेलं धरण मी आमच्या भागात पाहिलं नाही, आणि याची मला खंत आहे. उरलेले थोडे ओढे आज मोकळे आहेत. त्यांत कुणी मच्छरदाणी आडवी बांधली, तर बोटभर पिल्लूही सुटत नाही. आणि मच्छरदाणी बांधणारे बहुतेक गावातले गरीब नसतात. गाडी घेऊन आलेले असतात.

तुमच्या शाळेतल्या मुलांना एवढं सांगता आलं तर बघा : ओढ्याच्या निम्म्या रुंदीत खोय लावा, निम्मा ओढा मोकळा ठेवा. पहिल्या पुराचे पहिले दोन दिवस काहीच लावू नका. फुगलेल्या पोटाची मादी हाती आली तर सोडा. पुढच्या वर्षी त्याच ओढ्याला चढणारा मासा त्या दोन रात्रींतून येतो.

माझ्या दुसऱ्या उत्तरात शेतकरी भाऊंना रॉड गुंडाळून ठेवायला सांगितलं, ते याचसाठी.

प्रश्न : दिवाळीच्या सुटीत हिमाचलला चाललो आहोत. खरा ट्राउट पकडायचा आहे. तीर्थन की बरोट? (दांपत्य, इंदिरानगर)

आधी कॅलेंडर बघा. हिमाचलात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटच्या मासेमारीला बंदी असते, कारण तो त्यांचा अंडी घालण्याचा काळ. दिवाळी ऑक्टोबरात येत असेल तर जा. नोव्हेंबरात असेल तर रॉड घरी ठेवा आणि पाटलीकुहलची ट्राउटची हॅचरी बघून या.

ऑक्टोबर मात्र उत्तम. मे-जूनमध्ये बर्फ वितळून नद्या दुधाळ आणि जोराच्या होतात, जुलै-ऑगस्टला पाऊस. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाणी आरशासारखं असतं, आणि म्हणून मासाही तुम्हाला आधी बघतो. गडद कपडे घाला, खालून वर चालत जा, सावली पाण्यावर पडू देऊ नका.

तीर्थन मोकळी वाहणारी नदी आहे, ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानातून येते. नवख्याने तिथे जावं. बरोटची ऊल माझी आवडती, पण ती धरणाची नदी. १९३०च्या दशकात शानन वीजप्रकल्पासाठी तिचं पाणी बरोटला अडवून बोगद्याने जोगिंदरनगरकडे वळवलं. बंधाऱ्याखालच्या पात्रात कोरड्या दिवसांत किती पाणी उरतं, ते बघून माझ्यातला खात्याचा माणूस गप्प झाला. बंधाऱ्याच्या वर जा, ऊल आणि लंबाडग या दोन्ही प्रवाहांत. माझा पहिला ट्राउट लंबाडगमधला : वीतभर, पिवळसर अंगावर तांबडे ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं. त्याचे पूर्वज स्कॉटलंडचे. १९०० साली तिथून आलेली अंडी काश्मिरात तगली, तिथून ट्राउट कुलूकडे आला. हातात फार तर पाच सेकंद होता. हात आधी पाण्यात बुडवून गार करून घेतले होते. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला बुरशी धरते.

परवाना मत्स्य विभागाच्या स्थानिक कार्यालयात रोजचा मिळतो. तो ज्या पट्ट्याचा असेल त्याच पट्ट्यात थांबा. खिशात थर्मामीटर ठेवा; दुपारी उथळ पाणी एकोणिसाच्या वर गेलेलं दिसलं तर रॉड आवरा आणि चहा घ्या. संध्याकाळी चारनंतर डोंगराची सावली नदीवर येते, तेव्हा पुन्हा उतरा.